पिशवी काढायच्या आधी तपासणी

पत्र: "मी बीड जिल्ह्यातली, नोकरीसाठी चाकणला राहते. आई-वडील आणि दादा-वहिनी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मावशी गेल्या साली गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. बार्शीला नेलं तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात होता. शेक (किरणोपचार) सुरू झाले, पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती म्हणून ती अर्ध्यातूनच फडावर परतली. आता वहिनीच्या (वय ३१) अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. पैशासाठी दादा मुकादमाकडून जादा उचल घेणार आहे. आई ४६ वर्षांची आहे, दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावते. भाची ११ वर्षांची. गावात कोणी म्हणतं तुमच्या घराण्यातच हा रोग आहे, कोणी म्हणतं हा गरिबाच्याच वाट्याला येतो. खरं काय? आत्ता सगळे गावी आहेत, दसऱ्यानंतर टोळी निघेल. तोवर काय करता येईल?"

उत्तर:

ताई, आधी वहिनींचं ऑपरेशन थांबवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

३१ वर्षांच्या बाईची गर्भपिशवी 'पुढं कॅन्सर होईल' एवढ्या कारणावर काढायची नसते. अंगावरून पांढरं जाण्यामागं बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बुरशीचा, घाण वास असेल तर दुसरा. सरकारी रुग्णालयात आतून तपासून गोळ्या देतात. काही संसर्गांत नवऱ्यालाही सोबतच औषध घ्यावं लागतं. तो घेत नाही म्हणून त्रास पुन्हा उलटतो, आणि बाईला वाटतं की औषधानं गुण येत नाही, आता पिशवीच काढावी. 'पिशवीला सूज' हे शब्द ऐकून घाबरू नका. गर्भाशयाच्या मुखावर कॅन्सरच्या आधी जे बदल होतात ते सोनोग्राफीत दिसतच नाहीत. ते बघायचे तर मुख डोळ्यांनी पाहावं लागतं किंवा तिथला नमुना तपासावा लागतो. तुमच्या पत्रावरून वहिनींची अशी तपासणी झालेलीच दिसत नाही.

तपासणीशिवाय पिशवी काढण्यात दोन्हीकडून नुकसान आहे. समजा मुखावर कॅन्सर आधीच असला, तर साधं पिशवीचं ऑपरेशन त्याला पुरत नाही. कडेचा भाग आत राहतो आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि कॅन्सर नसलाच, तर धडधाकट बाई विनाकारण कापली गेली. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर तिशीतच पाळी कायमची जाते. मग हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा येतात, झोप उडते. अशा अंगानं पहाटे चारला उठून मोळ्या डोक्यावर घ्यायच्या असतात. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो. फडात ना संडास, ना पाणी. अशा ठिकाणी पाळीच नको असं बाईला वाटलं तर तिला दोष देता येत नाही. त्या हतबलतेला कॅन्सरची भीती दाखवणाऱ्यांना मात्र दोष द्यावाच लागतो.

पिशवी काढणं कधी रास्त असतं? मोठ्या गाठींमुळं होणारा रक्तस्राव औषधांना दाद देत नसेल तर, अंग (गर्भाशय) बाहेर येत असेल तर, किंवा तुकडा तपासून कॅन्सर वा त्याच्या आधीचा गंभीर बदल सिद्ध झाला असेल तर. कुणी सुचवलंच तर सोनोग्राफीचा कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात दुसरं मत घ्या. उचल त्यानंतर.

आता घराण्याचं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आईकडून लेकीला, मावशीकडून भाचीला उतरत नाही. तो जवळपास नेहमी ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळं, म्हणजे एचपीव्हीमुळं होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो. जिचा संबंध फक्त नवऱ्याशी आला तिलाही लागतो. म्हणून मावशींच्या चारित्र्याबद्दल कुणी कुजबुज करत असेल तर ती तिथंच मोडून काढा. दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात तो मुक्काम ठोकतो, मुखाच्या पेशी हळूहळू बदलत जातात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात.

गरिबी बाईला गाठते ती याच वर्षांत, आणि आधीही. ऊसतोडीत मजुरी कोयत्यावर ठरते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी मिळते, जोडी झाली की वाढते. म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं, वयात आलेल्या मुलीला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) एकटी सोडायची भीती असते तो भाग वेगळाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. कोवळ्या वयात मुखावरच्या पेशी झपाट्यानं बदलत असतात, तिथं विषाणूला शिरकाव सोपा जातो. लवकर लग्न म्हणजे लवकर बाळंतपण, आणि बाळंतपणांची संख्या वाढली की धोकाही वाढतो. बिडी-सिगारेटनंही तो वाढतो.

पण हे सगळं एका पारड्यात टाकलं तरी दुसरं पारडं जड आहे: तपासणीच न होणं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. शहरातल्या सुस्थितीतल्या बाईलाही हा विषाणू लागतो. मात्र मधल्या दहा-पंधरा वर्षांत ती कधीतरी तपासली जाते, बदल सापडतो, तिथंच उपचार होऊन विषय संपतो. ऊसतोडीतली बाई रक्त जायला लागल्यावर पहिल्यांदा टेबलावर झोपते.

गरिबी हटेपर्यंत काहीच करता येत नाही, असं मात्र समजू नका. याचा पुरावा तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. उस्मानाबादच्या (आता धाराशिव) खेड्यांमध्ये १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. गावांचे गट पाडून वेगवेगळ्या तपासण्या केल्या आणि आठ वर्षं पाठपुरावा केला. गावं तीच, कोरडवाहू शेती तीच, शिक्षण तेवढंच. ज्या गटात एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून साधी व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

ही व्हिनेगरची तपासणी तुम्हाला गावाजवळ मिळू शकते, तिला 'व्हिया' म्हणतात. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ती सांगितलेली आहे, सोबत तोंड आणि स्तनांची तपासणीही. आशाताई घरी येऊन 'सीबॅक' नावाचा फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, चुलीचा धूर असे प्रश्न असतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात. अडचण अशी की टोळी बाहेर असताना फॉर्म भरले गेले की तुमच्या घराला कुलूप असतं आणि नावं राहून जातात. म्हणून बोलावण्याची वाट बघू नका. याच आठवड्यात आशाताईंना गाठून आई आणि वहिनी दोघींचे फॉर्म भरून घ्या आणि विचारा, व्हिया कुठं आणि कोणत्या वारी होते. उपकेंद्रात होत नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं त्यात येत नाहीत, तिथं थोडंफार शुल्क लागतं. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं आहेच.

जाताना पाळीचे दिवस टाळा. आदल्या दिवशी संबंध नको, आत ठेवायची औषधाची गोळी नको. वहिनींना संसर्ग असेल तर आधी त्याचे उपचार होतील आणि तपासणीची पुढची तारीख मिळेल, ती चुकवू नका. प्रत्यक्षात एवढंच होतं: साधन घालून मुख दिसेल असं करतात, त्यावर तीन ते पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावतात, एक मिनिट थांबतात आणि उजेडात बघतात. थोडं चुरचुरतं. कापाकापी नाही, रक्त काढणं नाही, निकाल तिथल्या तिथं. पांढरा डाग उठला तर बदल असण्याची शक्यता आहे, इतकाच त्याचा अर्थ. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. नर्सताई तपासणार का हे आधी विचारून ठेवा, कारण पुरुष डॉक्टर दिसला म्हणून दारातून परतणाऱ्या बायका थोड्या नाहीत.

या तपासणीच्या मर्यादाही माहीत असू द्या. ती बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. उस्मानाबादच्या त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हियानं मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते, मुंबईत चार फेऱ्यांमुळं झाले. तेव्हा एकदा 'ठीक आहे' म्हणाले की जन्माची सुटका झाली असं समजू नये. शिवाय पाळी जायच्या सुमारास बदल होणारी जागा मुखाच्या आत सरकते आणि व्हियात दिसेनाशी होते. आईंचं वय ४६ आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत 'सगळी जागा दिसली का?' हे मुद्दाम विचारा. दिसली नसेल तर एचपीव्ही चाचणी किंवा पॅप चाचणी (मुखावरच्या पेशींची तपासणी) करून घ्या. एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर दोघींसाठी तीच सरस.

डाग आढळला आणि तो लहान, वरवरचा असेल तर तापवलेल्या किंवा गोठवणाऱ्या उपकरणानं तेवढीच जागा नष्ट करतात. काही मिनिटांचं काम, भूल लागत नाही, पिशवी जागेवर राहते. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो आणि महिनाभर संबंध टाळावे लागतात. आमचं ठाम सांगणं आहे की तपासणी आत्ताच पावसाळ्यात उरका. दसऱ्याच्या तोंडावर केली तर हा महिना नेमका कोपीवर, मोळ्या वाहण्यात जाईल. वर्षानं पुन्हा दाखवायचं असतं, तेही टोळी परतल्यावर जमेल.

काही लक्षणं मात्र व्हियासाठी थांबण्याची नाहीत. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, रक्ताळलेला घाण वासाचा स्राव. यांपैकी काहीही असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा आणि गरज पडल्यास तुकडा तपासून घ्या. वहिनींना हे स्पष्ट शब्दांत विचारा. 'पांढरं जातं' एवढंच सांगून बायका रक्ताचं लपवतात.

मावशींबद्दल लिहिलंत म्हणून उपचारांचंही सांगतो. पुढच्या टप्प्यातल्या या कॅन्सरला सुमारे पाच आठवडे रोजचे शेक, सोबत आठवड्याला एक केमोचा डोस आणि शेवटी आतून शेक देतात. हे सगळं आठ आठवड्यांत पूर्ण झालं तर गुण येतो, मध्ये खंड पडला की गाठ पुन्हा जोर धरते. मावशींच्या बाबतीत आजारानं जेवढं बळ लावलं, तेवढंच उचलीनंही लावलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात बसतात. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राची (योजनेच्या मदतनिसाची) खिडकी शोधायची, रेशन कार्ड आणि आधार दाखवायचं. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. आयुष्मान कार्डही काढून ठेवा, टोळी कर्नाटकात गेली तर तिथल्या योजनेतल्या रुग्णालयात ते चालतं. योजनेत न बसणारा खर्च असतो तो राहण्याचा, जेवणाचा आणि सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा. त्यासाठीच मुंबईला जायचा हट्ट धरू नये. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय तुम्हाला जवळ आहेत, शेक तिथंही मिळतात. मुंबईला जावंच लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची सोय होते, आणि उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ असतं, डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म लागतो.

आईंची मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू हिरडीला चोळायची आणि तिथंच राहू द्यायची, म्हणजे तंबाखूतलं विष आणि जळण्यातून तयार झालेलं विष, दोन्ही एकाच जागी. तोंडाच्या कॅन्सरचा हा सरळ रस्ता आहे. पण आई मिश्री का लावतात ते आधी बघा. बहुधा दाढ दुखते, पहाटे पोट साफ होत नाही, भूक मारावी लागते. दुखणारी दाढ काढल्याशिवाय किंवा भरल्याशिवाय 'सोड' म्हणून उपयोग नाही, दुखायला लागलं की हात पुन्हा डबीकडं जातो. दात दाखवायचं काम व्हियाच्याच फेरीत होईल. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात: चिडचिड, डोकं धरणं, बद्धकोष्ठता. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. निकोटिनचा दोन मिलिग्रॅमचा च्युइंगगम मदत करतो. तो सतत चघळायचा नसतो, चार वेळा चावून गालात धरायचा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी बोलता येतं.

आणि महिन्यातून एकदा उन्हात आरसा धरून आईंचं तोंड बघा. ओठ उलटे करून, गाल बाजूला ओढून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, आणि मिश्री जिथं राहते ती हिरडी विशेष करून. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, स्वतःची तीन बोटं उभी न मावणारं तोंड, मानेत गाठ, यांतलं काही दिसलं तर दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका, सुरुवातीला हे दुखत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाही. शहरात राहणाऱ्या, उशिरा लग्न आणि एखाद-दुसरं मूल असणाऱ्या बायकांमध्ये स्तनांचा कॅन्सर जास्त आढळतो. परिस्थिती सुधारली की धोका जात नाही, त्याचं ठिकाण बदलतं. स्तनात गाठ हाताला लागली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं तर वय किती हे न बघता दाखवा. तिशी झाली की गर्भाशयमुखाची तपासणी तुम्हालाही लागू आहे.

राहिली भाची, आणि सगळ्यात जास्त हाती आहे ते तिच्याच बाबतीत. एचपीव्हीची लस शरीरसंबंध सुरू होण्याआधी दिली तर सर्वाधिक काम करते. आधीच लागलेला विषाणू ती घालवत नाही, त्यामुळं वहिनींसाठी लशीवर पैसे घालण्यापेक्षा तपासणीवर वेळ घाला. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून ९ ते २० वयासाठी एक डोसही पुरेसा धरला आहे. सरकारी मोफत लसीकरणात भाचीचं वय बसतं का, हे त्याच आशाताईंना विचारा. बसत नसेल तर पुण्याच्या सीरमची 'सर्व्हाव्हॅक' खासगीत मिळते, डोसला साधारण दोन हजार रुपये. तुमच्या पगारातून हा खर्च पेलवत असेल तर घरात यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही. आत्ता पहिला डोस दिला तर दुसरा डिसेंबर-जानेवारीत, ऐन हंगामात येतो. त्यासाठी फडावरून यायची गरज नाही, एप्रिलमध्ये परतल्यावर दिला तरी चालतो, पहिला डोस वाया जात नाही. लशीचं कार्ड मात्र तुमच्याकडं चाकणला ठेवा, कोपीत कागद टिकत नाहीत.

आणि तिला यंदा टोळीबरोबर नेऊ नका. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृह चालवतात, शाळा व्यवस्थापन समितीकडून नावं घेतली जातात. दिवाळीनंतर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच मुख्याध्यापकांना भेटून भाचीचं नाव लेखी द्या, आणि आजी किंवा कुणी जवळचं गावात राहणार असेल तर त्यांचा फोन क्रमांकही देऊन ठेवा.